विवाहस्वातंत्र्याची किंमत : धर्मनीती, कायदा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड (१८५६–१९५६)

सारांश

धर्मावर आधारलेल्या नीतिकल्पनांचा कायद्यावर व व्यक्तिस्वातंत्र्यावर पडलेला प्रभाव विवाहविषयक कायद्यांत सर्वाधिक स्पष्ट दिसतो. प्रस्तुत शोधनिबंधात १८५६ ते १९५६ या शंभर वर्षांतील विवाहविषयक कायद्यांचा विचार मध्य प्रांत व वऱ्हाड, विशेषतः नागपूर, यांच्या संदर्भात केला आहे. नागपुरात वकिली करणारे डॉ. हरिसिंग गौर, अमरावतीचे सर मोरोपंत जोशी, १९४२ ची नागपूर येथील दलित महिला परिषद आणि १९५६ चे धर्मांतर या चार टप्प्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, धर्मनीतीचा प्रभाव कायद्याने घातलेल्या बंदीपेक्षा कायद्याने दिलेल्या सवलतीच्या अटींमध्ये अधिक काळ टिकून राहिला.

बीजसंज्ञा : धर्मनीती, विवाहस्वातंत्र्य, विशेष विवाह कायदा, संमतिवय, हिंदू कोड बिल, मध्य प्रांत व वऱ्हाड.

प्रस्तावना

विवाह ही एकाच वेळी धार्मिक, सामाजिक आणि आर्थिक स्वरूपाची संस्था आहे. कोणी कोणाशी, कोणत्या वयात व कोणत्या विधीने विवाह करावा, तो मोडता येतो की नाही आणि त्यातून वारसाहक्क कसा ठरतो, या सर्व प्रश्नांची उत्तरे भारतीय समाजाने दीर्घकाळ धर्मशास्त्रात आणि जातीच्या रूढीत शोधली. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नांत राज्यसंस्थेने प्रवेश केला. राज्यसंस्थेच्या या प्रवेशाचे वर्णन सामान्यतः 'सुधारणा विरुद्ध सनातन' अशा संघर्षाच्या रूपात केले जाते. या वर्णनात कायदा सुधारणेच्या बाजूला आणि धर्म विरोधाच्या बाजूला उभा केला जातो.

हे वर्णन सोयीचे असले तरी पुरेसे नाही. कायद्यांची कलमे बारकाईने पाहिली असता असे आढळते की, ज्या कायद्याने व्यक्तीला एखादे स्वातंत्र्य दिले, त्याच कायद्याने त्या स्वातंत्र्याचा उपयोग करणाऱ्यावर काही दंडस्वरूप परिणामही लादले. कधी मालमत्ता गमवावी लागली, कधी धर्म नाकारावा लागला, तर कधी कुटुंबापासून विभक्त व्हावे लागले. हे परिणाम कोठून आले आणि ते किती काळ टिकले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) विवाहविषयक कायद्यांत धर्मनीतीचा प्रवेश कोणत्या मार्गांनी झाला हे पाहणे. (२) या कायद्यांच्या घडणीत नागपूर व मध्य प्रांत-वऱ्हाड येथील व्यक्ती आणि चळवळी यांच्या कार्याचे मूल्यमापन करणे. (३) स्वातंत्र्योत्तर कायद्यांत जुन्या अटींचे कोणते अवशेष राहिले याचा शोध घेणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांच्या तरतुदी हा विवेचनाचा मुख्य आधार आहे. 'धर्मनीती' ही संज्ञा येथे धर्मग्रंथ, धर्मसंस्था किंवा धर्माच्या नावाने चालणारी रूढी यांच्यापासून अधिकार मिळविणारी योग्यायोग्यतेची कल्पना या अर्थाने वापरली आहे.

धर्मनीतीच्या प्रवेशाचे दोन मार्ग

वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेनुसार विवाह, वारसा, जात आणि धार्मिक आचार या बाबतींत हिंदूंना शास्त्राचा व मुसलमानांना कुराणाचा कायदा लावावा असे ठरले. यामुळे ग्रंथप्रामाण्याला न्यायालयीन अधिष्ठान मिळाले. प्रत्यक्षात समाजातील बहुसंख्य जातींचे व्यवहार ग्रंथापेक्षा रूढीने चालत होते. वऱ्हाड-नागपुरातील अनेक शेतकरी व कारागीर जातींत विधवेचा पाट लावण्याची प्रथा होती आणि जातपंचायतीच्या संमतीने काडीमोडही होत असे. न्यायालये रूढीला मान देत असली, तरी रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर पडे. शास्त्राला मात्र असा पुरावा द्यावा लागत नसे.

१८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. ज्या जातींत पुनर्विवाहाची रूढी आधीपासूनच होती, त्या जातींतील स्त्रियांनाही हे कलम लागू होते काय, असा प्रश्न पुढे न्यायालयांसमोर आला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नकारार्थी, तर मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांनी होकारार्थी भूमिका घेतली. वरिष्ठ जातींच्या विधवांना स्वातंत्र्य देण्यासाठी केलेला कायदा अशा रीतीने, ज्यांना ते स्वातंत्र्य रूढीने आधीच होते त्या स्त्रियांच्या मालमत्तेवर आघात करणारा ठरला. स्वातंत्र्य आणि त्याची किंमत यांची जोडी येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

धर्मनीतीचा दुसरा मार्ग इंग्लंडमधून आला. रखमाबाईंच्या खटल्यात हे विशेष प्रकर्षाने दिसून आले. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदण्यास नकार दिल्यानंतर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये तो फेटाळला. असा दावा हिंदू कायद्यातून निघालेला नसून इंग्लंडमधील धर्मपीठांच्या कायद्यातून आला आहे, अशी त्यांची भूमिका होती. अपिलात हा निर्णय टिकला नाही आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जावे अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगावा असा आदेश दिला. इंग्लंडमध्ये मात्र अशा प्रकरणातील कारावासाची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली होती. १८८८ मध्ये तडजोड होऊन हे प्रकरण मिटले.

या प्रकरणात सनातनी वर्तमानपत्रांनी पतीच्या दाव्याचे समर्थन हिंदू धर्माच्या नावाने केले. ज्या कायदेशीर साधनाचा उगम ख्रिस्ती धर्मपीठांत होता, ते साधन हिंदू धर्मनीतीचे रक्षक म्हणून पुढे आले. म्हणून 'परकीय कायदा विरुद्ध स्वकीय धर्म' असा तत्कालीन वादाचा मांडलेला पट वस्तुस्थितीशी जुळत नाही. इंग्लंडचा कायदाही धर्मनीतीपासून मुक्त नव्हता. मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह करण्यास तेथे बायबलाच्या आधारे असलेली बंदी १९०७ पर्यंत कायम होती.

१८७२ चा कायदा : धर्म नाकारण्याचे प्रतिज्ञापत्र

जात व धर्म यांची बंधने ओलांडून विवाह करू इच्छिणाऱ्यांसाठी नागरी विवाहाचा कायदा असावा, अशी मागणी केशवचंद्र सेन यांच्या नेतृत्वाखालील ब्राह्मो समाजातून पुढे आली. सर हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या मूळ विधेयकाचे स्वरूप व्यापक होते. धर्मनेत्यांच्या विरोधामुळे ते संकुचित करण्यात आले आणि सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत १८७२ चा तिसरा कायदा संमत झाला.

या कायद्यानुसार विवाह करणाऱ्या वधूवरांना, आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख अथवा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे लेखी घोषित करावे लागे. वराचे वय किमान १८ व वधूचे १४ असावे, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, विवाहाची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी आणि ती कोणासही विनामूल्य पाहता येईल अशा नोंदवहीत ठेवावी, अशा अटी होत्या. या विवाहांना भारतीय घटस्फोट कायदा लागू होता. तत्कालीन हिंदू विवाहाच्या तुलनेत एकपत्नीत्व, वयोमर्यादा आणि घटस्फोट या तिन्ही बाबतींत हा कायदा कितीतरी पुढे होता.

परंतु त्याचे दार धर्मनकाराच्या घोषणेतूनच उघडत होते. हिंदू राहून दुसऱ्या जातीतील व्यक्तीशी विवाह करू पाहणाऱ्यासमोर तीन पर्याय उरत. विवाह न करणे, वैधतेची खात्री नसलेला विवाह करणे किंवा मनात नसताना धर्म नाकारल्याचे लिहून देणे. तिसरा पर्याय स्वीकारणाऱ्याने खोटे निवेदन केले असे ठरल्यास तो भारतीय दंडसंहितेखाली शिक्षेस पात्र ठरत होता. श्रद्धा आणि प्रेम यांपैकी एकाची निवड करण्यास राज्यसंस्थेने व्यक्तीला भाग पाडले, असे या तरतुदीचे स्वरूप होते. विशेष म्हणजे ही अट राज्यकर्त्यांच्या धर्मविरोधातून आलेली नव्हती. आपल्या अनुयायांना या कायद्याचा लाभ मिळू नये, असा निरनिराळ्या धर्मसमाजांच्या पुढाऱ्यांचा आग्रह होता आणि त्या आग्रहाला दिलेली ती सवलत होती.

ही अट काढून टाकण्याचा भूपेंद्रनाथ बसू यांचा १९११-१२ मधील प्रयत्न असफल झाला. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारे विधेयक मांडले. त्यालाही तीव्र विरोध झाला. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्येच बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. संस्थानिक जे करू शकले, ते ब्रिटिश भारतात होऊ शकले नाही. १८५७ नंतर धार्मिक बाबतींत हस्तक्षेप न करण्याची भूमिका राज्यकर्त्यांनी स्वीकारली होती आणि लोकमताचा कौल म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचणारा आवाज बहुधा धर्ममार्तंडांचाच असे.

डॉ. हरिसिंग गौर आणि १९२३ ची दुरुस्ती

या कोंडीतून मार्ग काढण्याचे श्रेय डॉ. हरिसिंग गौर (१८७०–१९४९) यांच्याकडे जाते. सागर येथे जन्मलेले व केंब्रिज येथे शिकलेले डॉ. गौर हे नागपुरातील नामवंत बॅरिस्टर होते. त्यांनी नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून सागर विद्यापीठाची स्थापना केली. हिंदू कायद्याची सूत्रबद्ध मांडणी करणारा 'द हिंदू कोड' हा त्यांचा ग्रंथ राऊ समितीच्या कितीतरी आधी प्रसिद्ध झाला होता.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अस्तित्वात आलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात मध्य प्रांतातून निवडून गेलेल्या डॉ. गौर यांनी १९२१ पासून नागरी विवाहाच्या विधेयकाचा पाठपुरावा केला. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला धर्म न नाकारता नागरी विवाह करता यावा असा त्यांचा मूळ हेतू होता. प्रवर समितीत विधेयकाची व्याप्ती कमी करण्यात आली व मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू यांना त्यातून वगळण्यात आले. १९२३ च्या तिसाव्या कायद्यान्वये हिंदू, बौद्ध, शीख व जैन या चार धर्मांच्या अनुयायांना परस्परांत धर्म न नाकारता विवाह करण्याची मुभा मिळाली. जातीबाहेर विवाह करणाऱ्या हिंदूला प्रथमच 'मी हिंदू आहे' असे म्हणत विवाहाच्या नोंदवहीवर सही करता आली. हे यश लहान नव्हते.

तथापि, ही मुभा मिळविण्यासाठी मोजावी लागलेली किंमत कायद्यात नव्याने घातलेल्या २२ ते २६ या कलमांत नमूद आहे. या कायद्याखाली विवाह करणारी व्यक्ती एकत्र कुटुंबात असल्यास विवाहाच्या क्षणी त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे मानले जाई. वारसाहक्काच्या बाबतीत तिची स्थिती, १८५० चा जातिनिर्योग्यता निवारण कायदा ज्याला लागू होतो अशा व्यक्तीसारखी, म्हणजे धर्मांतरित वा जातिबहिष्कृत व्यक्तीसारखी, ठरविण्यात आली. धार्मिक पद, धार्मिक सेवा किंवा धार्मिक व धर्मादाय संस्थेचे व्यवस्थापन यांवरील हक्काचे संरक्षण तिला मिळाले नाही. तिच्या मालमत्तेचा वारसा हिंदू कायद्याऐवजी भारतीय वारसा कायद्याने ठरू लागला. तिला दत्तक घेण्याचा अधिकार राहिला नाही.

यांतील शेवटचे, म्हणजे २६ वे, कलम सर्वांत अर्थपूर्ण आहे. अशा प्रकारे विवाह करणाऱ्या मुलाच्या पित्याला दुसरा हयात मुलगा नसल्यास दत्तक घेण्याचा अधिकार या कलमाने दिला. हिंदू कायद्यानुसार औरस पुत्र हयात असताना दत्तक घेता येत नाही. पिंडदानासाठी पुत्र हवा आणि पुत्र नसेल तर दत्तक, हा त्यामागील धार्मिक विचार. जातीबाहेर विवाह केलेला मुलगा जिवंत असूनही पित्याला दत्तकाची परवानगी देणे म्हणजे त्या मुलाला धार्मिक दृष्ट्या मृत समजण्यासारखे होते. जातपंचायत ज्या मुलाच्या नावाने घटस्फोड करून त्याला जातीबाहेर टाकीत असे, त्याच मुलाला कायद्याने विवाहाचा अधिकार देताना घटस्फोडीचा आशय मात्र कलमात जपून ठेवला.

डॉ. गौर यांच्या सुधारणावादाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ही कलमे विधेयक संमत होण्यासाठी केलेल्या तडजोडीचा भाग होती. तडजोडीशिवाय कायदाच झाला नसता, हेही खरे. परंतु या तडजोडीचा भार कायदेमंडळातील सदस्यांवर पडला नाही. तो विवाह करणाऱ्या तरुण जोडप्यांवर, विशेषतः एकत्र कुटुंबाच्या आधाराशिवाय उभे राहण्याची ऐपत नसलेल्यांवर पडला. शहरात राहणारा सुशिक्षित नोकरदार हा भार पेलू शकत होता. वडिलोपार्जित शेतीवर उपजीविका असलेल्या तरुणाला तो पेलणे अवघड होते. कायद्याच्या दृष्टीने स्वातंत्र्य सर्वांना समान होते. त्याची किंमत मात्र समान नव्हती.

जोशी समिती आणि शारदा कायदा

विवाहस्वातंत्र्याची दुसरी बाजू म्हणजे विवाहाला संमती देण्याची क्षमता. १८९१ च्या संमतिवय कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा १० वरून १२ केली. त्या वेळी बेहरामजी मलबारी, न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर एका बाजूला आणि लोकमान्य टिळक दुसऱ्या बाजूला असा वाद महाराष्ट्रात गाजला. या वादाचे वैशिष्ट्य असे की, सुधारकांनाही आपली बाजू शास्त्रवचनांच्या आधारे मांडावी लागली. मुलीच्या शरीराला होणारी इजा हा स्वतंत्र व पुरेसा युक्तिवाद मानला गेला नाही.

डॉ. गौर यांनी संमतिवय वाढविण्याचा प्रश्न १९२० च्या दशकात पुन्हा कायदेमंडळापुढे आणला. १९२५ च्या कायद्याने ही मर्यादा विवाहांतर्गत १३ व विवाहबाह्य १४ वर्षे झाली. डॉ. गौर यांच्या पुढील विधेयकाच्या पार्श्वभूमीवर सरकारने जून १९२८ मध्ये संमतिवय समिती नेमली. अमरावतीचे विख्यात वकील व मध्य प्रांत सरकारचे माजी गृहसदस्य सर मोरोपंत विश्वनाथ जोशी हे तिचे अध्यक्ष होते. समितीवर रामेश्वरी नेहरू व डॉ. बीडन या दोन स्त्री सदस्य होत्या. देशभर फिरून समितीने शेकडो साक्षी घेतल्या. साक्षीदारांत स्त्रियांचा व वैद्यकीय व्यवसायातील व्यक्तींचा समावेश होता. वादाचा आधार शास्त्रवचनांकडून प्रत्यक्ष अनुभवाकडे नेणे हे जोशी समितीचे महत्त्वाचे ऐतिहासिक कार्य होय. समितीने १९२९ मध्ये सादर केलेल्या अहवालात मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ आणि विवाहांतर्गत संमतीचे वय १५ असावे अशी शिफारस केली.

हरविलास सारडा यांचे विधेयक याच सुमारास कायदेमंडळापुढे होते. सप्टेंबर १९२९ मध्ये ते संमत झाले व १ एप्रिल १९३० पासून अमलात आले. मुलाचे किमान वय १८ व मुलीचे १४ ठरविणारा हा कायदा सर्व धर्मीयांना लागू होता. मद्रासचे एम. के. आचार्य यांच्यासारख्या सदस्यांनी धर्माच्या नावाने त्याला कडवा विरोध केला, तर बॅ. जीना यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला.

येथेही धर्मनीतीने अटींमध्ये जागा मिळविली. कायद्याविरुद्ध झालेला बालविवाह शिक्षापात्र होता, पण अवैध नव्हता. कारण एकदा झालेला संस्कार रद्द होऊ शकत नाही ही धारणा कायम होती. पोलिसांना स्वतःहून कारवाई करता येत नसे. वर्षभराच्या आत तक्रार व्हावी लागे आणि तक्रारदाराकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीनकतबा घेण्याची तरतूद होती. म्हणजे गावातील बलिष्ठ कुटुंबाविरुद्ध तक्रार करू धजणाऱ्यानेच प्रथम पैशाची हमी द्यायची. संमती आणि अंमलबजावणी यांमधील सहा महिन्यांत देशभर घाईने बालविवाह उरकण्यात आले आणि १९३१ च्या जनगणनेत १५ वर्षांखालील विवाहित मुलींच्या संख्येत झालेल्या मोठ्या वाढीतून त्याचे प्रतिबिंब पडले. विवाहांतर्गत संमतीचे वय १५ करण्याची जोशी समितीची शिफारस दंडसंहितेत येण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

नागपूरची दलित महिला परिषद व हिंदू कोड बिल

आतापर्यंतच्या विवेचनात कायदे करणारे, त्यांना विरोध करणारे आणि त्यांविषयी मत देणारे बहुतांशी वरिष्ठ वर्गातील पुरुष होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेने हे चित्र बदलले. परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रियांच्या उपस्थितीत परिषदेने पत्नीला घटस्फोटाचा अधिकार मिळावा आणि बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी व्हावी अशा मागण्यांचे ठराव केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच परिषदेत मुलामुलींच्या विवाहाची घाई करू नये आणि पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, समानतेच्या नात्याने उभे राहावे असा उपदेश केला.

या ठरावांचे ऐतिहासिक महत्त्व दोन प्रकारचे आहे. एक तर विवाहाच्या कायद्याचा विचार येथे शास्त्राच्या अनुकूल वा प्रतिकूल वचनांच्या आधारे झाला नाही. तो जगण्याच्या अनुभवातून झाला. दुसरे असे की, ज्या समाजांत काडीमोड रूढीने उपलब्ध होता त्या समाजांतील स्त्रियांनी तो हक्क म्हणून, कायद्यात, मागितला. रूढीने दिलेली मुभा पंचायतीच्या मर्जीवर अवलंबून असते, कायद्याने दिलेला हक्क तसा नसतो, हा भेद या मागणीत अनुस्यूत होता.

१९४४ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या बी. एन. राऊ समितीने देशातील प्रमुख शहरांत साक्षी घेतल्या. त्यांत नागपूरचाही समावेश होता. या समितीच्या मसुद्यावर आधारलेले हिंदू कोड बिल कायदामंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांनी पुढे नेले. स्त्रीला वारसाहक्क, घटस्फोट, एकपत्नीत्व आणि विवाहातील जातिबंधनाचा लोप या त्यातील तरतुदी होत्या. संसदेत व संसदेबाहेर झालेल्या विरोधामुळे बिल रेंगाळले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची इतर कारणेही होती; मात्र हिंदू कोड बिलाची उपेक्षा हे त्यांतील प्रमुख कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने या बिलातील बराच भाग संमत झाला.

१९५६ : धर्माची निवड आणि विवाहाचा कायदा

डॉ. आंबेडकरांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झालेला विवाह नोंदणी पद्धतीचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे या दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व त्यानंतर लाखो अनुयायांनी ती स्वीकारली. १८७२ च्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर या घटनेकडे पाहिले असता एक महत्त्वाचा विरोध लक्षात येतो. १८७२ मध्ये धर्म नाकारणे ही विवाहाच्या स्वातंत्र्यासाठी राज्यसंस्थेने घातलेली अट होती. १९५६ मध्ये धर्म सोडणे आणि स्वीकारणे ही व्यक्तीने स्वतःच्या विवेकाने, संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाच्या आधारे केलेली निवड होती.

तरीही विवाहाच्या कायद्यात या निवडीचे पूर्ण प्रतिबिंब पडले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ नुसार हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे आणि कलम ७ नुसार विवाह वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढिगत विधींनी व्हावा लागतो. नव्याने बौद्ध झालेल्या समाजाने होमहवन व सप्तपदी यांचा त्याग केला होता आणि त्याच्या नव्या विधीला 'रूढी' म्हणण्याइतका काळ लोटला नव्हता. तमिळनाडूत स्वाभिमान विवाहांच्या बाबतीत हाच प्रश्न उद्भवला तेव्हा तेथील विधिमंडळाने १९६७ मध्ये कलम ७-अ जोडून तो सोडविला. महाराष्ट्रात स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी वेळोवेळी पुढे येत राहिली, तिचे मूळ या परिस्थितीत आहे.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांतील अवशेष

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने १८७२ च्या कायद्याची जागा घेतली. कोणत्याही दोन धर्मांच्या व्यक्तींना धर्म न नाकारता विवाह करण्याची मुभा मिळाली व डॉ. गौर यांचा मूळ हेतू तीन दशकांनंतर सफल झाला. परंतु १९२३ च्या तडजोडीतील एकत्र कुटुंबापासून विभक्त होण्याची तरतूद कलम १९ च्या रूपाने कायम राहिली. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असल्यास ती लागू होणार नाही, अशी दुरुस्ती १९७६ मध्ये झाली. म्हणजे जात ओलांडण्याची किंमत रद्द झाली. धर्म ओलांडण्याची राहिली.

नोटिशीच्या बाबतीत तर बंधन वाढले. १८७२ च्या कायद्यातील चौदा दिवसांची मुदत १९५४ मध्ये तीस दिवसांची झाली आणि नोटीस कार्यालयात ठळकपणे लावण्याची पद्धत आली. धार्मिक विधीने होणाऱ्या विवाहाला अशी पूर्वसूचना लागत नाही. घरच्यांच्या विरोधाला न जुमानता विवाह करणाऱ्या जोडप्याचे नाव व पत्ता महिनाभर जाहीर होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर ठेवावी असा निर्णय दिला. महाराष्ट्रात १३ डिसेंबर २०२२ रोजी शासनाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांसंबंधी समन्वय समिती स्थापन करण्याचा निर्णय घेतला व टीकेनंतर दोनच दिवसांत तिच्या कक्षेतून आंतरजातीय विवाह वगळले. जात आणि धर्म यांच्यात १९७६ मध्ये कायद्याने केलेला भेद येथे प्रशासकीय पातळीवर पुन्हा दिसला.

रखमाबाईंच्या खटल्यातील साधनही टिकून राहिले. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये समाविष्ट झाला. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरविले. ज्या धर्मपीठांच्या कायद्यातून हे साधन आले, त्यांच्या देशात ते संपले आणि भारतात ते भारतीय कुटुंबनीतीचा भाग म्हणून राहिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) विवाहाच्या कायद्यांत धर्मनीतीचा प्रवेश भारतीय शास्त्रप्रामाण्य आणि इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मपीठांची परंपरा या दोन मार्गांनी झाला. या दोहोंचा स्त्रीच्या स्वातंत्र्यावरील परिणाम अनेकदा एकाच दिशेचा होता.

(२) १८५६, १८७२, १९२३ आणि १९२९ या चारही कायद्यांनी व्यक्तीला स्वातंत्र्य किंवा संरक्षण दिले. परंतु मालमत्तेचा लोप, धर्मनकार, कुटुंबविच्छेद आणि दुबळी अंमलबजावणी यांच्या रूपाने प्रत्येक कायद्याने त्याची किंमतही ठरविली. ही किंमत म्हणजे विरोधकांना दिलेली सवलत होती आणि ती विवाह करणाऱ्यांकडून, तसेच बालविवाहांत मुलींकडून, वसूल झाली.

(३) या कायद्यांच्या घडणीत मध्य प्रांत-वऱ्हाडचा वाटा लक्षणीय आहे. डॉ. गौर यांनी वैधानिक मार्ग उघडला, जोशी समितीने शास्त्राऐवजी अनुभवाला पुराव्याचे स्थान दिले आणि १९४२ च्या नागपूर परिषदेने सवलतीच्या भाषेऐवजी हक्काची भाषा वापरली. यांपैकी तिसरे कार्य सर्वाधिक मूलगामी असूनही कायद्याच्या इतिहासात त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली आहे.

(४) बंदी घालणारा कायदा डोळ्यांत भरतो व त्याविरुद्ध चळवळ उभी राहते. अटी घालणारा कायदा मात्र सुधारणेच्या नावाने मान्यता पावतो आणि त्याच्या अटी दीर्घकाळ टिकतात. १९२३ च्या कुटुंबविच्छेदाच्या कलमाचा अंश शंभर वर्षांनंतरही कायद्यात असणे हे याचेच द्योतक आहे.

श्रद्धा बाळगण्याचे आणि श्रद्धेनुसार विवाह करण्याचे स्वातंत्र्य व्यक्तीला आहे, तसेच त्या श्रद्धेच्या कक्षेबाहेर विवाह करण्याचेही आहे. दुसऱ्या प्रकारच्या स्वातंत्र्याला पहिल्यापेक्षा जास्त दिवस, जास्त कागद आणि जास्त किंमत लागत असेल, तर कायदा अजून तटस्थ झालेला नाही. म्हणून व्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्यांचे मूल्यमापन करताना त्यांच्या उद्देशिकेइतकीच त्यांतील अटींचीही तपासणी होणे आवश्यक आहे.